तो एक जाड शब्द

मंगळवार, दिवेलागण. मालेगाव.

सोनू, कम्प्युटरवरची ही वही बनवली तूच, अन् उघडून पाहाची विसरली बी तूच. नात तू हाय की आजी, तेच समजत नाई.

पुण्याले जाताना म्हणली होती, "आजी, मनातलं इथं लिव. अक्षर जाड कर, लाल कर, फोटो टाक, आवाज टाक." मले कुठं लिवता येते? शेजारची शबाना शिलाई मशीन झाकून येते, मी सांगते, ते लिवते. पन वाचते कोण? मले बी नाई येत वाचता.

आज भाकरीचा फोटो टाकला. भाकर दिसते, वास नाई. मंग माहा आवाज टाकाले गेली, तं वही घेईनाच. फाइल लय मोठी हाय म्हणे.

शबाना हसली, "आजी, तुमचं बोलनंच सरत नाई, वही बिचारी काय करन?"

खरं हाय. दिवसभर बोलाले कोनी नसते.

सारी अक्षरं मले मुंग्यांवानी दिसतात. म्हणून रोज एकच शब्द जाड करून घेते. तेवढा बोटानं दाखवता येते. शबाना म्हणे, "आजी, आज दुसरा करू?"

काहून दुसरा? 'ये' हाय तो. तोच राहू दे.

चहात भिजवाले खारी पाठवजो, दात नाईत मले. पन वहीत फोटो टाकू नको. डबा तुह्याच हाती पाठव.