वेळ विसरणारी गाडी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार (बॉनेटखाली वाकून वाकून मान धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुझा खोकला गेला असेलच. नसला तर त्यालाही नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक, गाडी सोडून. दर शनिवारी बाबांना गुडघ्याच्या व्यायामाला नेतो. परत येताना इंजिन तापलं की गाडी कालव्याच्या रस्त्यावर, अगदी त्याच चार झाडांखाली, न सांगता बंद पडते. वीस मिनिटं निवू दिली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. ती वीस मिनिटं विचित्र असतात गं. पाणी हलतंय की आपणच, ते कळत नाही. पानांची सावली डॅशबोर्डवरून सरकत राहते, आणि आई गेल्यापासून 'हूं'च्या पुढे न जाणारे बाबा (चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून टिकटिकीचीच सवय!) आईला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसाबद्दल बोलू लागतात. मी मोबाइलवर गाडी ओढून नेणाऱ्याचा नंबर शोधत असतो. मग कधीतरी मोबाइल मांडीवरच राहतो.

शेवटी मेकॅनिकने कॉम्प्युटर लावला. म्हणाला, कॅमशाफ्टचा सेन्सर. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा दांडा) कुठवर फिरला ते हा अंगठ्याएवढा तुकडा इंजिनाला सांगतो, आणि तापला की रुसून बसतो. खात्रीसाठी त्याने (माझ्या बायकोच्या) हेअर ड्रायरने त्याला तापवलं, आणि गाडी बंद! "म्हणजे वेळ विसरते," बाबा म्हणाले. एक बोल्ट, एक प्लग, की नवा सेन्सर बसला. जुना बाबांनी रुमालात बांधून घेतला. त्यांना काही टाकवत नाही.

पुढच्या शनिवारी गाडी सुतासारखी सरळ घरी आली. बाबा वाटभर 'हूं'. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तीच चार झाडं! मेकॅनिक महिनाभर वायरी उसवतोय. नव्याकोऱ्या सेन्सरवर संशय कोण घेणार?

तुझा,
मान वाकडी झालेला भाचा

ता. क. खरं काम असं, की बाबा फक्त तुझं ऐकतात. त्यांना गाडी विकायला सांग. गिऱ्हाईक तयार आहे (निवांत माणूस आहे).

ता. क. २. ताई, हे मी लिहितोय, तुझा धाकटा भाऊ. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, चिकटवण्याआधी वाचलं. नवा सेन्सर माझ्या घड्याळांच्या खणात आहे. जुना मीच परत बसवला. याला सांगू नकोस, आणि गाडी विकायला तर मुळीच सांगू नकोस. आत्ता कुठे मी लग्नापर्यंत आलोय.