डॉर्कसचा वाडगा

रॅली, उत्तर कॅरोलिना
५ मार्च १९७८

ती. आजीस,
आर्डेलचा सा. न. वि. वि.

पीचची बरणी सुखरूप पोचली. तू ती माझ्या जुन्या लोकरी मोज्यांत गुंडाळली होतीस, त्यामुळे पीच आणि मोजे दोन्ही एकदम मिळाले. खोलीतल्या मुलींनी पीच दोन दिवसांत संपवले. मोजे मात्र कुणी मागितले नाहीत.

राज्याच्या दफ्तरखान्यातली नोकरी मला आवडते आहे. आपल्या घराण्यात कॉलेजच्या पदवीचा झगा घालणारी मी पहिली, म्हणून तू चर्चभर मिरवलंस. पण त्या शिक्षणाचा उपयोग काय, असं तुझ्या चर्चमधल्या मैत्रिणीने, सिस्टर पर्लने, विचारलं होतं, त्याचं उत्तर आता माझ्याजवळ आहे. इथे आपल्या काउंटीची गुलामगिरीच्या काळातली जुनी कागदपत्रं आहेत: लग्नाच्या नोंदी, जमिनीची खरेदीखतं आणि त्याच कागदांत, नांगर-बैलांच्या शेजारी, आपली माणसं. पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ठरवलं, की निदान आपल्या घरातली माणसं तरी मी या कागदांतून बाहेर काढणार.

ऑगस्टमध्ये, बाहेरगावी गेलेली माणसं चर्चला परत येतात त्या रविवारी, मेलेल्यांची नावं पुकारतात, प्रत्येक नावाला त्याची माणसं उभी राहतात आणि ‘आम्ही तिचे’, ‘आम्ही त्याचे’ म्हणतात. आपल्याकडे आयसमचं नाव येतं, त्याच्या मुलीचं, तुझ्या टेमर आजीचं, येतं. टेमरच्या आईचं, डॉर्कसचं, येत नाही. ती पोर टाकून गेली, एवढंच तू मला सांगितलंस. तेही मी हट्ट केला की सांगायचीस. म्हणायचीस, डॉर्कससारखी होऊ नकोस. ती कुठे गेली, कशी गेली, जे आठवतं ते सगळं लिही.

लहानपणी मी शेल्फावरचा निळा कप दूध प्यायला घेतला होता आणि तू माझ्या हातावर फटका मारला होतास. तेव्हापासून मला वाटतं, या घरात काही वस्तूंबद्दल आणि काही बायकांबद्दल विचारायचं नसतं. आता विचारते आहे. रागावू नकोस.

गुडघ्यांना तेल लावत जा. तुझी माया अशीच बरण्या भरभरून येत राहो.

तुझी,
आर्डेल


पाइन लँडिंग
१७ मार्च

चि. आर्डेल हिस,
लुव्हीनियाआजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा सिस्टर पर्लसाठी. तिचं म्हणणं, सरकार तुला मेलेल्यांना त्रास द्यायचा पगार देतं. मी म्हटलं, तिला देतं तरी. तू तर जिवंतांना फुकट त्रास देतेस.

विचारलंसच तर ऐक. हे मला खुद्द टेमर आजीने सांगितलंय. मी तिच्या मांडीवर वाढले. तिच्या डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग होता, निजताना मी त्यावर बोट ठेवायची. ती चार वर्षांची असताना मांस धुरवायच्या खोलीच्या दारात उभी होती. तिची आई नवा झगा घालून, तान्ह्या पोराला कडेवर घेऊन गाडीत चढली. गाडीला रिबिनी बांधल्या होत्या. टेमरने हाका मारल्या. आईने मागे वळून पाहिलं नाही. मुलाला नेलं, मुलीला ठेवलं, असं टेमर आजी शेवटपर्यंत म्हणायची, आणि म्हणताना हातातल्या शेंगा जोरात मोडायची.

डॉर्कसच्या नवऱ्याने, आयसमने, तिचा जेवायचा वाडगा स्मशानात नेऊन फोडला. तो अजून आहे, आयसमच्या थडग्याशेजारी, मोकळ्या जमिनीवर. ती मला मेली, असं म्हणत त्याने ते रागाने केलं, असंच आम्हाला सांगितलंय. म्हणून तिचं नाव घेत नाहीत.

तुझी आई तुला माझ्या ओसरीवर ठेवून नूअर्कच्या बसमध्ये चढली, तेव्हा मी तिला काय म्हणाले ते तुला माहीत आहे. तू दारामागे होतीस. ओराली, तुझ्यात डॉर्कसचं रक्त आहे, असं म्हणाले. आता त्या बाईला उकरून तुला काय मिळणार?

कोबीची रोपं लावली. थंडी अजून आहे, गळ्याला गुंडाळत जा. देव तुझ्यावर लक्ष ठेवो आणि तू माझ्यावर ठेव.

तुझी आजी


रॅली
२१ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र खुर्चीत बसून वाच. जवळ सिस्टर पर्ल असेल तर असू दे.

गाडीला रिबिनी होत्या, असं तू लिहिलंस. मी त्या रिबिनींच्याच मागे गेले. ज्या हार्डिसनच्या मळ्यावर आपली माणसं होती, त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न १८५७च्या डिसेंबरात झालं. नोंद सापडली. नवरा अलाबामाचा. मग मी त्याच महिन्याची खतं काढली, आणि त्यात बापाने मुलीला करून दिलेलं बक्षीसपत्र आहे. मुलीवरच्या प्रेमापोटी, असे शब्द आहेत. दोन गाद्या, एक चांदीची चहादाणी, एक खोगीर आणि डॉर्कस नावाची बाई, अंगावर पिणाऱ्या मुलासह.

आजी, ती गेली नाही. तिला लग्नात आहेर म्हणून दिली. नवा झगा तिचा नव्हता. आहेराची वस्तू नीटनेटकी दिसावी म्हणून तो घातला असेल. मुलगा तिने निवडला नाही. तो अंगावर पीत होता म्हणून तिच्याबरोबर लिहिला गेला. टेमरचं पिणं सुटलं होतं. एवढाच फरक.

मी इतिहास शिकले, परीक्षेत यावर उत्तरं लिहिली. पण ती ओळ वाचली तेव्हा मला फक्त शेंगा मोडणारी एक म्हातारी दिसली, जिला मी कधी पाहिलं नाही. तिला हे कुणी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये डॉर्कसचं नाव पुकारलं गेलं पाहिजे. नावं पुकारणाऱ्या डीकनला तू सांग, तुझं ऐकतील.

तुझी माया मला आज नेहमीपेक्षा जास्त हवी आहे.

आर्डेल


पाइन लँडिंग
२ मे

चि. आर्डेल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी चूल विझवली आणि स्मशानात गेले. पर्ल बरोबर आली.

आपल्यात मेलेल्याने शेवटी वापरलेली वस्तू थडग्यावर ठेवतात, कप किंवा थाळी किंवा दिवा, आणि ती आधी मोडतात. तू मोडलेली भांडी खूप पाहिलीस, पण का मोडतात ते मी तुला कधी सांगितलं नाही. मेलेल्याच्या मागोमाग घरातलं दुसरं कुणी जाऊ नये, साखळी तिथेच तुटावी, म्हणून. आणि रागाने फोडलेलं वेगळं, थडग्यासाठी मोडलेलं वेगळं. रागाने आपटलं की ठिकऱ्या होतात. थडग्यासाठी बुडाला एकच भोक पाडतात, खिळ्याने, हलक्या हाताने.

मी त्या वाडग्याला आजवर हात लावला नव्हता. काल पालथा केला. बुडाला एकच भोक आहे, गोल. पर्लने पाइनची पानं बाजूला केली. खाली शिंपले निघाले, थडग्याच्या कडेने लावतात तसे ओळीत, ओळ माणसाच्या लांबीएवढी. नदीवरून एवढे शिंपले कुणी रागाने वाहून आणत नाही.

त्याने तिला पुरलं, पोरी. अलाबामाला नेलेलं माणूस परत येत नसे. पुरायला काही नव्हतं, म्हणून त्याने वाडग्याचं थडगं केलं. पोरांच्या मागे मरण लागू नये म्हणून भोक पाडलं. आणि आम्ही सगळ्यांनी, इतकी वर्षं, त्या शिंपल्यांवरून चालत जाऊन आयसमला फुलं वाहिली.

त्याने टेमरला का सांगितलं नाही, ते मला कळत नाही. चार वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, तुझी आई गाद्यांबरोबर दिली म्हणून? न सांगता वर्षं गेली असतील, मग सांगायची वेळ निघून गेली असेल.

ती मागे का वळली नाही, तेही मला आता वाटतं मला ठाऊक आहे. वळली असती तर तिला गाडीत बसून राहता आलं नसतं.

डीकनला सांगितलंय. तो नाव लिहून घेताना रडला, म्हातारा.

तुझी आजी


रॅली
११ जून

ती. आईस,
आर्डेलचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले बूट दर वाढदिवसाला येतात आणि माप नेहमी बरोबर असतं. हे तू न बघता कसं करतेस, मला माहीत नाही. आभाराच्या चार ओळींपलीकडे मी तुला कधी लिहिलं नाही. आज लिहिते आहे.

डॉर्कसबद्दल आजीने तुला जे म्हटलं होतं, ते खोटं ठरलं आहे. सोबत बक्षीसपत्राची आणि आजीच्या पत्राची नक्कल पाठवते, ती आधी वाच. आणि आता आणखी एक सापडलं आहे. गुलामगिरी संपल्यावर आपली माणसं हरवलेल्या नातलगांसाठी चर्चच्या वर्तमानपत्रांत जाहिराती देत. १८८१च्या एका अंकात ही आहे. शब्द तेच ठेवते:

माझी मुलगी टेमर हिचा शोध आहे. हार्डिसनच्या मळ्यावर, उत्तर कॅरोलिनात, १८५७ साली नाताळाच्या आधी तिला मांस धुरवायच्या खोलीच्या दारात शेवटचं पाहिलं. डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. तिचा बाप आयसम. तिचा भाऊ वाटेत वारला. मी म्हातारी होत चालले आहे. पाद्र्यांनी कृपा करून हे चर्चमध्ये वाचून दाखवावं. डॉर्कस, अलाबामा.

पुढे उत्तर नाही. तोवर आयसमने दुसरं लग्न केलं होतं आणि टेमर मळ्यापासून आठ मैलांवर नांदत होती. तो अंक पाइन लँडिंगला पोचला की नाही, कळायला मार्ग नाही. आजीला हे वाचून दाखवायला मी स्वतः बसने गेले. ती बराच वेळ स्वतःच्या भुवईवर बोट फिरवत बसली.

आई, १३ ऑगस्टला डॉर्कसचं नाव पुकारणार आहेत. तू ये. ज्या गोष्टीवरून तुला बोल लावला, ती गोष्टच खरी नव्हती. तर मग तुझ्यावरचा डागही राहत नाही. आजी थकली आहे. ती स्वतःहून बोलावणार नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. मी बोलावते.

तुझ्या प्रेमावर माझा हक्क आहे असं धरून हे लिहिलं आहे.

तुझी मुलगी,
आर्डेल


नूअर्क, न्यू जर्सी
३ जुलै

चि. आर्डेल,
आशीर्वाद.

बुटांचं सोपं आहे. पर्ल तुझ्या पावलाची कागदावर रेघ काढून मला पाठवायची. तुझ्या आजीला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल, तिला ठाऊक असणार.

तुझं पत्र मी कारखान्याच्या मशीनवर ठेवून वाचलं. डॉर्कससाठी रडले, बाजूची बाई विचारू लागली कोण वारलं. पण माझ्याबद्दल तू जे लिहिलंस, ते मला घेता येत नाही, बाळ. तू मनाने चांगली आहेस आणि शिकलेली आहेस, म्हणून तुला वाटतं एक कागद सापडला की सगळ्यांची सुटका होते.

डॉर्कसला नेलं. मी गेले. मी बावीस वर्षांची होते, आज तू आहेस तेवढी. तंबाखूच्या कोठारात काठीला पानं बांधून बोटं काळी झाली होती आणि मला दुसरं काहीतरी हवं होतं. सहा महिन्यांत तुला न्यायला येईन असं ठरवलं होतं. आले नाही. मला कुणी गाडीत बसवलं नाही, तिकीट मीच काढलं. आणि मीही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरावं लागलं असतं, आणि मला उतरायचं नव्हतं.

त्या बाईने पोरीला इतकी वर्षं शोधलं. मला तर तुझा पत्ता पाठ होता. तिचं नाव पुकारताना मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

आईला माझा नमस्कार सांग. माझा निळा कप तिने केव्हाच फेकून दिला असेल, असं मला नेहमी वाटतं. फेकला असेल तर बरोबरच केलं.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी आई,
ओराली


पाइन लँडिंग
१६ ऑगस्ट

चि. ओराली हिस,
आईचे आशीर्वाद.

अठरा वर्षांनी तुला लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे पाहू नकोस.

तुझं पत्र पोरीने मला दाखवलं. आपल्या आईला घरी आणता आलं नाही म्हणून ती माझ्या मांडीत डोकं ठेवून रडली. एवढी शिकलेली, पण रडते चार वर्षांच्या पोरीसारखी. तू गेलीस तेव्हा ती रडली नव्हती. ते आता रडली.

रविवारी नाव पुकारलं. डीकनने डॉर्कस म्हटलं आणि चर्चमधल्या बायकांचे हातपंखे थांबले. मी उभी राहिले. आर्डेल उभी राहिली. आम्ही तिचे, एवढंच म्हणायचं असतं, ते मला म्हणता येईना. पोरीने म्हटलं, मोठ्याने, दोघींच्या वतीने. मग मागून पर्लही उभी राहिली. तिचा काही संबंध नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, बाकावर जागा होती, उभं राहायलाही होती. जेवायला तळलेले मासे होते. तुझ्या वाटणीचे पर्लने खाल्ले.

तू लिहिलंस ते खरं आहे. डॉर्कसला नेलं आणि तू गेलीस. मी ते दोन्ही एक केलं, आता पोरगी ते दुसऱ्या बाजूने एक करू पाहते. तू आम्हा दोघींनाही करू दिलं नाहीस. बरं केलंस. तू गेलीस हे मी विसरणार नाही, आणि तू विसर असं सांगणार नाही.

पण कपाबद्दल तू चुकलीस. तो शेल्फावर आहे, धूळ जाऊ नये म्हणून पालथा. त्यातून मी कुणाला पिऊ दिलं नाही, तुझ्या मुलीलाही नाही. तिला वाटलं मी रागाने दडवलाय. जिवंत माणसाचा कप मोडत नाहीत, ओराली, आणि तो दुसऱ्याला देतही नाहीत. रोज सकाळी कॉफी घेताना मी बघते, त्याला तडा नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. दार कसं उघडतं ते तुला ठाऊक आहे, खालून जरा उचलावं लागतं.

तुझी आई,
लुव्हीनिया