मळवलीच्या ओढ्यातला गाळ

८ नोव्हेंबर १९४३
आज पुन्हा मेहुण्याचं तोंड बघावं लागलं. गॅसबत्तीच्या जाळ्यांचा कारखाना काढल्यापासून महिपतराव मळवलीचे राजेच झालेत. कारखान्याखाली ओढ्याचे दगड पिवळे पडलेत, मासे उताणे. विठाबाईची म्हैस ते पाणी पिऊन मेली. ती म्हणाली, "मास्तर, तुमी शाळंत शास्तर शिकिवता. दाजींना तुमी न्हाई इचारायचं तर कुनी?"

विचारलं. म्हणाले, "आम्ही मुंबईहून तयार क्षार आणतो, जाळ्या बुडवतो. त्यात कसलं विष?" आणि हसले. ते हसणं!

९ नोव्हेंबर
खोटारडा. गाळाला तेजाबाचा, आम्लाचा वास येतोय. हा त्रावणकोरची वाळू तेजाबात शिजवून जाळ्यांसाठी थोरियम काढतो आणि उरलंसुरलं ओढ्यात सोडतो. तसं असेल तर गाळातून थोरियमची किरणं निघणारच, आणि फोटोच्या काचेवर ती उमटणार.

शालू बाळंतपणाला आमच्याकडे आलीय. नवऱ्याविरुद्ध चकार शब्द ऐकत नाही. माझी बहीण असून!

१० नोव्हेंबर
काळ्या कागदात गुंडाळलेली काच, वर किल्ली, किल्लीवर गाळाची पुरचुंडी — शाळेच्या कपाटात ठेवली. दुसरी काच नुसतीच, तुलनेसाठी. ती घरी, शालूच्या बाजेखाली. तिथे कोणी हात लावत नाही.

१७ नोव्हेंबर
शाळेतली काच औषधात धुतली. काच काळी, मधे किल्लीचा आकार स्वच्छ. तशीच मळवलीला नेऊन त्याच्या टेबलावर आपटली.

"वाळू शिजवतोस की नाही?"

त्यानं काच उजेडाकडे धरली. मग म्हणाला, "शिजवतो. सगळेच शिजवतात. मातीच ती, मातीत गेली."

"मी मामलेदाराकडे चाललोय."

"जा. शालू मोकळी होईपर्यंत थांबला असतास तर बरं झालं असतं."

थांबलो नाही. तडक वडगावला जाऊन अर्ज दिला. परत येताना इतकं बरं वाटलं की गाडीत एकटाच हसत होतो.

१८ नोव्हेंबर
घरची काच धुतली. कोरी निघायला हवी होती. काळी आहे.

आईला विचारलं, या खोलीच्या जमिनीत भर कुठली घातली? "महिपतीनंच गाडी पाठवली की. कारखान्यातली बारीक माती. शालूला ओल लागू नये म्हणून स्वतः बसून चोपली त्यानं, हातानं."

त्या मातीतून काय निघतं, त्याला माहीतच नाही.

बाज ओसरीवर काढलीय. शालू विचारतेय, का.