'ल्युबावा'वरचा कोळसा आणि मी

३ मे १९०८, सेवास्तोपोल
आज कॅप्टन लेव्ह अपोलोनोविचनी बोलावून घेतलं. गेल्या वर्षी कोळसा भरायच्या शर्यतीत आपली युद्धनौका 'ल्युबावा' हुबेहूब तिच्यासारख्या जुळ्या बहिणीकडून, 'मिलित्सा'कडून हरली, यंदा भरणं तुमच्या हाती, पुन्हा हरली तर तुमची रवानगी केर्चच्या कोळसा डेपोवर, म्हणाले. जिंकलो तर तोफखाना माझा! तोफखाना मिळाल्यातच जमा आहे.

५ मे
खलाशांना भाषण दिलं. आपल्या जहाजाला पोलादी चिलखत फक्त डेकखाली, दोन्ही बाजू उघड्याच. बाजूच्या कोठारांतला कोळसा हेच तिथलं चिलखत, वगैरे. खलाशांचा मुकादम, बोसन चुमाक, जांभई देत होता. बहुधा भारावून.
निश्चय: शर्यतीच्या दिवशी ओरडायचं नाही. शांत, पोलादी नजर.

८ मे
कोळसा भरताना बँड वाजतोच. बँडवाल्यांना सांगितलं, दुप्पट वेगाने वाजवा, हात आपोआप चालतील. बँडमास्तर म्हणाला, हात चालतील हो साहेब, पण ट्रॉम्बोनवाल्याचा श्वास नाही चालणार. नन्नाचा पाढा वाचणारी माणसं!

११ मे, सकाळ
आज शर्यत. दोन्ही जहाजं शेजारीशेजारी, मधे कोळशाने भरलेले पडाव, म्हणजे सपाट मालहोड्या. सगळे जुन्या कॅनव्हासच्या कपड्यांत. काजळीने खराब होऊ नयेत म्हणून टोप्यांवरच्या जहाजाच्या नावाच्या फिती काढून ठेवल्या. घसा गरम चहाने शेकला. ओरडणार नाही तो भाग वेगळा.

११ मे, दुपार
काय दिवस! पडावावर उतरून पाहणी केली, शिडीने परत वर आलो आणि सूत्रं हातात घेतली. दाट धुरळ्यात सगळे काळे ठिक्कर. पोती वर आणायच्या फळ्या डावीकडून उजवीकडे हलवल्या. मग परत डावीकडे. दोनदा काम थांबवून चिलखताचं भाषण दिलं. थोडा ओरडलो. खलाशी आज किती आज्ञाधारक! एकानेही उलट उत्तर दिलं नाही. चुमाक सुधारला म्हणायचा. कुठे दिसला मात्र नाही.

११ मे, संध्याकाळ
भरणं संपल्यावर धावत कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो. सॅल्यूट ठोकून म्हणालो, "'ल्युबावा' भरली, महाराज!" आतले गृहस्थ दाढीतली काजळी धूत होते. शांतपणे म्हणाले, "अभिनंदन. पण ही 'मिलित्सा' आहे. आणि सकाळपासून आमच्या फळ्या नाचवणारे राक्षस तुम्हीच का?"
कान गरम झाले. मग बातमी कळली: 'ल्युबावा' जिंकली! म्हणजे मी जिंकलो. कोणत्या डेकवरून, हा तपशील.

१२ मे
चुमाकला विचारलं, मी नसताना अडचण झाली असेल ना? म्हणाला, "अहो साहेब, देवाशपथ, आम्ही तुम्हाला शोधत होतो. मग कोणीतरी म्हणालं, कशाला शोधताय, चांगलं चाललंय की." विनोदी माणूस आहे.

१४ मे
कॅप्टननी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर सांगितलं, आपण जिंकलो ते आर्कादी व्हिकेंत्येविचमुळेच, म्हणजे माझ्यामुळेच. ऊर भरून आला. तोफखान्याचं विचारलं. हसू आवरत म्हणाले, 'मिलित्सा'वाले तक्रार घेऊन आले होते. तुम्ही ज्या जहाजावर असाल त्याच्यावर अन्याय होतो. आम्हा दोघा कॅप्टनांचं ठरलंय, केर्च. मी म्हटलं, पण आपण तर जिंकलो! ते म्हणाले, "म्हणूनच, बाबा. पुन्हा जिंकायचंय."
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण केर्चला माझी जास्त गरज असणार.

१७ मे
निघालो. होडी दोन्ही जहाजांच्या मधून जाताना दोन्हीकडचे खलाशी कठड्याला आले आणि एकाच दमात "हुर्रा!" ओरडले. या दोन जहाजांचं असं एकमत मी आजवर पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. उभा राहून सॅल्यूट केला.
मागे वळून पाहिलं, तर आमच्या होडीवाल्यानेही वल्ही सोडून टोपी उडवली होती. त्याला काय झालं होतं?