तुझा न पाठवलेला शब्द

बाबा, काल डोंबिवलीच्या क्लासमध्ये एका मुलीने एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि तू गेल्यापासून अकरा वर्षं गिळून बसलेली गोष्ट वर आली. मी तिथे वेबसाइट बनवायला शिकवते. सॉफ्टवेअर तेच, ज्यावरून आपल्या बाळकुमच्या स्वयंपाकघरात तू मला झापलेलंस.

तू वाल सोलत बसलेलास. मी ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून एका केटरर्सची साइट लावत होते. हे फुकट मिळतं, जगभरची माणसं मिळून बनवतात, ज्याला चूक दिसेल तो दुरुस्त करतो, असं तुला सांगत होते मोठ्या तोऱ्यात. तुला लगेच कळलं. मिठागराचा बांध फुटला की ज्याला दिसेल तो चिखल लावायचा, तसंच की, म्हणालास. आणि मग सोलणं थांबवून माझ्याकडे बघितलंस. "फुकट घेतंस, मंग देतंस काय?"

झोंबलं मला. म्हणून मी त्या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराला हात लावला. बटणांचे, सूचनांचे शब्द कोणीही सुचवू शकतं, कितीतरी जागा रिकाम्या होत्या. एक शब्द अडला. लिहून ठेवलेलं, पण अजून लोकांना न दाखवलेलं, याला काय म्हणायचं? तुला विचारलं. तू म्हणालास, मिठाच्या खाचरात पाणी उभं असतं, मीठ अजून पिकलेलं नसतं, तेव्हा आम्ही म्हणतो, "पिकाचं हाय." मी हसले रे. माजिवड्याच्या माझ्या ऑफिसातल्यांना हे दाखवायचं, या विचारानेच लाज वाटली. मी "मसुदा" भरून टाकलं.

आठवड्याने तू विचारलंस, "घेतला का माजा शब्द?" मी हो म्हटलं. एवढंच, हो. मग काय, नाक्यावर, हळदीत, जिथे जाशील तिथे तू सांगत सुटलास, कम्प्युटरमध्ये माजा शब्द हाय. एकदा तर मिठागरातल्या जुन्या सोबत्याला घेऊन घरी आलास, दाखव म्हणालास. मी नेट बंद आहे म्हणून सांगितलं. तुम्ही दोघं चहा पिऊन नेट यायची वाट बघत बसलात. तासभर बसलात, बाबा. मी आत भांडी घासत होते. हॉस्पिटलात नर्सलाही सांगितलंस, आणि ती माझ्याकडे बघून हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तर काल ती मुलगी म्हणते, मॅडम, मसुदा म्हणजे काय ओ? मी दोनदा समजावलं, तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी तोंडातून निघून गेलं, अगं, अजून पिकायचंय ते. हां, असं होय, म्हणाली आणि कामाला लागली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

हे मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहितेय, कागदावर हात चालेना. उजवीकडे "प्रकाशित करा"चं बटण आहे. खरं सांगू? तुझा शब्द मी आजही पाठवलेला नाही. आता कोणी हसेल याची भीती नाही. भाषांतर तपासणारे नको म्हणाले तर, ही आहे. न पाठवलेला शब्द निदान कोणी नाकारलेला तरी नाही. हे पत्रही तसंच राहू दे. वर त्याच्या नावापुढे "मसुदा" येतंय, मीच भरलेलं.