वेगाचं बटण

१९ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडला तर. आणि तो काही आता मला सोडायचा नाही.

सकाळी भांडी घासताना जुनी एक सकाळ आठवली. विशेष काही नव्हती. केर काढला, कपडे वाळत घातले, भाजी चिरून ठेवली आणि पुस्तक घेऊन मागच्या खोलीत, आपल्या कारखान्यात गेले. तुझे बाबा लेथवर पंपात बसणारे पितळी बुश कातत होते. माझी शाळा तिसरीपर्यंतची. पुढचं वाचन मी तिथल्या स्टुलावर बसून, मशीनच्या आवाजावर आवाज चढवूनच शिकले.

"काय? कोण मेलं?" बाबा ओरडले.

"कुणी मेलं नाही हो, दार उघडलं!"

मग त्यांनी मशीन थांबवलं आणि पट्टा मोठ्या पुलीवर चढवला. मशीन हळू झालं, हात काळे झाले. "तुझ्या गोष्टीपायी आज एकही बुश व्हायचा नाही," म्हणाले, आणि पुढचं ऐकायला कान इकडे केला. मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवायचं त्यांच्या फार मनात होतं. बटण फिरवलं की मशीन हळू, मग वाच म्हणे खुशाल. दर वर्षी ते पुढच्या वर्षावर गेलं.

तर तो ड्राइव्ह परवा बसवला.

लेथ विकायला जावईबापूंनी पाहिलेल्या गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं, मशीन चालू करून दाखवा, तरच घेतो. त्याचंही बरोबर. पण बाबा गेल्यावर आपण कारखान्याची थ्री फेजची लाइन बंद केली, आणि घरच्या विजेवर ती मोटर फिरत नाही. बाबांचे दोस्त वायरमन भावजी म्हणाले, "वहिनी, ड्राइव्ह लावा. घरची लाइन त्यात घालायची, तो तीन फेज करून मोटरला देतो."

त्यांनी ड्राइव्हचा डबा भिंतीवर, लोखंडाचा कीस उडणार नाही अशा जागी लावला. मोटरचं झाकण काढून आतल्या पितळी पट्ट्यांची जोडणी बदलली. मोटरला घरच्या विजेशी जुळवून घ्यायला लावलं, एवढं मला समजलं. चालू केलं तर चक उलटा फिरायला लागला!

"अहो बंद करा, चक सुटून येईल!" मी ओरडले. आपला चक, तुकडा धरणारा तो जबडा, आट्यांवर बसवलेला, उलटा फिरला की सैल होतो.

भावजींनी बंद केलं. "इतके दिवस कुणी विचारलं नाही ना, म्हणून पाठ फिरवली त्यानं," म्हणाले. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि मशीन सरळ झालं. थांबतानाही झटका बसू नये म्हणून त्यांनी ते हळूहळू थांबेल असं करून दिलं.

मग मी वेगाचं बटण खाली आणलं. मशीन फिरत होतं, आणि भावजी पलीकडून काहीतरी सांगत होते ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. मी चहा टाकायला आत गेले. चहाला फार वेळ लागला. त्यांना कळलं असावं. निघताना म्हणाले, "वहिनी, विकायचंच आहे तर इतकं निगुतीनं कशाला करून घेतलंत?"

ते गेल्यावर पितळेचा एक तुकडा लावला आणि बुश केला. तू वसतिगृहात होतीस तेव्हा बाबांची पाठ धरली होती. साधे बुश त्यांनी माझ्याकडूनच करून घेतले होते. पंप दुरुस्तीवाला अजून विचारतो, कुणी करून देईल का म्हणून. हात थोडा अडखळला, पण माप बरोबर आलं. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली, चिमणे. उभ्यानंच जेवले.

तू माझ्यासाठी तुझ्या घरी खोली लावलीस, पडदे शिवलेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र एवढं लांबवतेय. तुझ्याकडे मला काही कमी पडणार नाही. पण काम पडणार नाही. आणि काम नसलं की मी नुसती बाबांची वाट बघत बसते.

काल तो घेणारा टेम्पो घेऊनच आला. मी मशीन चालवून दाखवलं. "मावशी, तुम्ही चालवता?" म्हणाला. "मग काय, नुसतं पुसते?" मी म्हटलं. तो हसला आणि टेम्पोवाल्याला हाक मारायला वळला. तेव्हा मी त्याला थांबवलं आणि मशीन विकायचं नाही म्हणून सांगितलं. त्याला चहा पाजला, टेम्पोचं भाडं दिलं, आणि तो गेल्यावर पंपवाल्याकडे जाऊन काम घेऊन आले.

जावईबापूंचा शब्द खाली पडला, त्यांची समजूत तू काढ. तुझी मी काढेन, तिकडे आले की. भेटायला येईन, राहायला नाही.

इथेच असलेली,
तुझी आई