केसातली घुगरी

रतनच्या बापास,

फुकटची सरकारी जवारी कोणाच्या घरी द्यायची, हे बघायला साहेब तांड्यात आले होते. माझ्या केसातली चांदीची घुगरी बघून म्हणले, "चांदीवालीला काहून द्यायची?" नवरा जिता असला की घुगरी उतरवत न्हाईत, हे त्यांना काय ठाव. तुमी कामाला गेलात, दोन पावसाळे झाले, सांगावा न्हाई. लेकरं नुसता पाला खाऊन राहिलेत.

काल साहेब परत आले. मी घुगरी काढून बसले. पयलं माप मलाच मिळालं. जवारी घ्यायला ओढणी तुमच्या आईनंच पसरली.

सोनाजी मास्तरांनी हे लिहून दिलं, पण पाठवायला तुमचा पत्ता न्हाई. घुगरी जपून ठेवलीय, तुमी आलात की परत घालावीच लागंल. येणार असाल तर जवारी संपल्यावर या.

तुमची सवाशीण,
मिराबाई